वाळवंटी किनाऱ्यावरून आलेली टपालाची थैली

बाभुळगावहून समुद्र फार लांब. पश्चिमेला डहाणूकडे जा की पूर्वेला आंध्रच्या किनाऱ्याकडे, सरळ रेषेत मोजले तरी साडेपाचशे किलोमीटरच्या आत खारे पाणी लागत नाही. आपल्या तालुक्यात मोठे पाणी म्हणजे बेंबळा धरणाचे. विमान दिसते तेही उंचावरून जाणारे, मागे पांढरी रेघ सोडणारे. पोरे हात हलवतात आणि पुन्हा खेळायला लागतात. मग वाळवंटाच्या कडेने उडालेल्या एका चिमुकल्या विमानाची हकिकत बाभुळगावच्या माणसाने का वाचावी? वाचावी अशासाठी की त्या विमानात माणसांच्या जागी पत्रे होती, आणि पत्राची वाट पाहिली नाही असे घर आपल्याकडे नव्हते.

दिवस होता १५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या विमानतळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास एक विमान उडाले. ते चालवत होते २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा. सोबत दुसरा माणूस नव्हता. मागे टपालाच्या थैल्या होत्या, वजन सुमारे २५ किलो. आपल्याकडे ज्वारीचे अर्धे पोते असते तेवढे. मुक्काम अहमदाबादमार्गे मुंबई, जुहू. भारतातल्या नियमित हवाई टपालसेवांतली पुढे सर्वांत मोठी झालेली सेवा या उड्डाणातून सुरू झाली. तिचेच पुढे १९४६ साली एअर इंडिया झाले.

हे टपाल कुठून येत होते? लंडनहून. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने १९२९ साली लंडन ते कराची अशी आठवड्यातून एक फेरी सुरू केली होती. तिची विमाने इराणच्या आखातावरून आणि मकरानच्या वाळवंटी किनाऱ्याला धरून ग्वादरमार्गे कराचीला येत. एका बाजूला निळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उघडे बोडके डोंगर. शेकडो मैल झाड नाही, गाव नाही. समुद्राची कड हीच वैमानिकाची सडक. आज दुबईला किंवा मस्कतला कामाला जाणारी आपली माणसे त्याच अरबी समुद्रावरून जातात. पण ती दहा-अकरा हजार मीटर उंचीवरून, बहुधा रात्री, आणि खिडकीबाहेर काळोख असतो. त्या वेळची विमाने इतकी खालून जात की कोळ्यांच्या होड्या मोजता याव्यात.

कराचीपर्यंत आलेले पत्र पुढे मुंबईला आणि मद्रासला झटपट कसे न्यायचे, हा प्रश्न होता. ब्रिटिश वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ही कल्पना टाटांपुढे मांडली. दोन लाख रुपये भांडवल आणि दोन छोटी विमाने एवढ्यावर काम सुरू झाले. सरकारने मदतीचा पैसा दिला नाही. नेलेल्या टपालाचे वजनावर भाडे मिळे, तेवढेच.

विमानाचे नाव पस मॉथ. एक इंजिन, सुमारे १२० अश्वशक्तीचे. आज आपल्या शिवारात फिरणाऱ्या दोन-तीन ट्रॅक्टरांची शक्ती एकत्र केली तर तेवढी होईल. पुढे वैमानिक आणि मागे दोन जण दाटीवाटीने बसतील एवढीच जागा. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडाचे आणि वर कापड ताणून बसवलेले. त्या काळी ब्रिटिश विमानांना हे कापड लिननचे असे. लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचे. आपण जवसाची चटणी खातो, तेल काढतो; युरोपात त्याच जातीच्या झाडाच्या सालीतून धागा काढतात. त्या कापडावर एक प्रकारचे रोगण चढवले की ते ढोलाच्या कातड्यासारखे ताठ होई. ताशी शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेगाने हे कापडी विमान उडे. रेडिओ नव्हता. खाली दिवे नव्हते, वाट सांगणारा कुणी नव्हता. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि डोळे यांच्यावर सारा भरवसा.

आता नकाशावर कराची आणि अहमदाबाद यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढून पाहा. शाळेतल्या मुलांना हे करायला सांगावे, भूगोलाचा एक धडा तिथेच होतो. पहिल्यांदा लागतात सिंधू नदीची मुखे. एवढी मोठी नदी, पण समुद्राला मिळताना तिचे बोटांसारखे फाटे होतात. मधे चिखल, तिवराची झाडे, भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी बेटे. जमीन कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला हे खालून कळत नाही, वरूनच कळते. त्यानंतर कच्छचे रण. समुद्र आणि वाळवंट यांच्या मधली ही वस्तू. पावसाळ्यात समुद्राचे आणि नद्यांचे पाणी त्यात पसरते, थंडीत ते आटते आणि मिठाचा पांढरा थर उरतो. ऑक्टोबरात अर्धे पाणी, अर्धा चिखल आणि कडेकडेने पांढरे पापुद्रे. वरून पाहणाऱ्याला सुंदर. पण इंजिन बंद पडले तर उतरायला जागा नाही, आणि हाक मारायला माणूस नाही. तेव्हा त्या सकाळी देखावा पाहण्याइतकी फुरसत वैमानिकाला किती होती, कोण जाणे.

ही रेघ धोलावीराच्या अगदी जवळून जाते. रणातल्या खदिर बेटावर सिंधू संस्कृतीचे हे मोठे शहर साडेचार हजार वर्षांपूर्वी नांदत होते. पावसाचा थेंब न् थेंब साठवणारे दगडी हौद तिथे आहेत. १९३२ साली मोहेंजोदडो सापडून दहाच वर्षे झाली होती. धोलावीराचा पत्ता अभ्यासकांना लागला तो १९६० च्या दशकात, आणि मोठे उत्खनन १९९० पासून झाले. २०२१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. विमान गेले तेव्हा ते शहर मातीखाली झोपलेलेच होते.

पुढे रेघ छोट्या रणाकडे जाते. तिथे मात्र माणसे असतात, आणि ती दिसली पाहिजेत. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास अगरिया कुटुंबे बायकापोरांसह रणात उतरतात. जमिनीखालचे खारे पाणी विहिरीतून उपसायचे, चौकोनी वाफ्यांत सोडायचे, पायाने तुडवून आणि लाकडी दाताळ्याने ओढून मीठ जमवायचे. सात-आठ महिने मुक्काम तिथेच झोपडीत. पिण्याचे पाणी टँकरने येईल तेव्हा. देशातल्या मिठापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत होते, आणि त्यात या माणसांचा मोठा वाटा आहे. आयुष्यभर मिठात उभे राहून त्यांचे पाय इतके कडक होतात, की चितेवर सारे शरीर जळते पण पाय जळत नाहीत, असे त्यांच्यात सांगतात. विमानातून हे वाफे आरशांच्या रांगेसारखे चमकतात. फोटो त्याचेच निघतात. भाकरी थापताना चिमूटभर मीठ टाकणाऱ्या आपल्या माय-बहिणींना मात्र आरशापेक्षा ते पाय आधी आठवावेत.

गावाच्या नावातच बाभूळ असलेल्या आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. रणाच्या कडेला आज वरून जो हिरवा पट्टा दिसतो तो बराचसा वेड्या बाभळीचा आहे. तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात; गांडो म्हणजे वेडा. वाळवंट पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात वनखात्याने ती रणाच्या कडेने लावली. ती इतकी माजली की बन्नीचे गवताळ रान खाऊ लागली. गुरे पाळणारे मालधारी आता तिच्यावर चिडून आहेत. कोळसा पाडणाऱ्यांचे पोट मात्र तिच्यावरच चालते. आपली गावरान बाभूळ वेगळी. सावली देते, डिंक देते, आणि औताला, बैलगाडीला लाकूड देते.

बैलगाडीचे नाव निघाले ते बरे झाले. अहमदाबादला विमान उतरले तेव्हा पेट्रोल भरायचे होते. पंप कुठला? बर्मा शेल कंपनीचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून आले, आणि ते डबे आले बैलगाडीतून. म्हाताऱ्या वाचकांना घासलेटचे चौकोनी डबे आठवत असतील, पुढे त्यांनीच बाया पाणी भरत. त्याच मापाचे हे डबे. ते कुणीतरी पहाटे गाडीत चढवले असतील, बैल जुंपले असतील, धावपट्टीच्या कडेला उन्हात उभे राहून वाट पाहिली असेल. त्या गाडीवानाचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही. त्याचे बैल त्या दिवशी अडून बसले असते तर भारताच्या विमानवाहतुकीचा इतिहास एक दिवस उशिरा सुरू झाला असता.

अहमदाबाद ते मुंबई ही वाट जवळजवळ सरळ दक्षिणेला. डाव्या हाताला गुजरातेची सुपीक जमीन, उजव्या हाताला खंबातच्या आखाताचा गढूळ चिखल. तिथे भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठा आहे; ओहोटीला मैलोगणती किनारा उघडा पडतो. मग नर्मदेचे मुख, तापीचे मुख, दांडी, तेव्हा पोर्तुगीजांकडे असलेले दमण, मग डहाणू. वसईच्या अलीकडे सोपारा. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे जिथे मिळाले आणि १८८२ साली जिथला स्तूप उकरून काढला गेला ते हे प्राचीन बंदर. खाडी ओलांडली की डोंगरात कान्हेरीची लेणी, आणि मग जुहू. दुपारी पावणेदोनच्या पुढे विमान तिथे टेकले. सव्वासात तासांत सुमारे हजार किलोमीटर. तिथून पुढचे टपाल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. म्हणून पुढच्या वर्षीपासून पावसाळ्यात सारा बाडबिस्तरा, विमाने, वैमानिक, मेकॅनिक, पुण्याला हलवावा लागे. तिथे उतरायला मैदान मिळाले ते येरवडा तुरुंगाच्या शेजारचे. येरवडा म्हटले की आपल्या वाचकांच्या मनात काय येते ते सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुणे कराराला सही केली तो २४ सप्टेंबर १९३२ चा दिवस आणि हे उड्डाण यांत अवघे २१ दिवसांचे अंतर आहे. त्याच नोव्हेंबरात बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, ते बोटीने. बोटीने मुंबई-लंडन म्हणजे दोन आठवड्यांची वाट. हवाई टपालाने पत्र सात-आठ दिवसांत पोहोचू लागले होते. राजकारणाच्या त्या गर्दीत बातमीला आणि पत्राला केवढी किंमत होती ते यावरून ध्यानात येईल.

तरीही खरे बोलायचे तर सुरुवातीची ही सेवा गरिबांची नव्हती. हवाई टपालाला जादा पैसे पडत. व्यापारी, सरकारी कचेऱ्या, गोरे साहेब यांचीच पत्रे त्या थैल्यांत असायची. पहिल्या पूर्ण वर्षात, म्हणजे १९३३ साली, या विमानांनी १,६०,००० मैल प्रवास केला, सुमारे पावणेअकरा टन टपाल नेले आणि १५५ उतारू. वर्षभरात साठ हजार रुपये नफा झाला. १५५ उतारू! आज आपल्या एस.टी.च्या तीन गाड्या भरून याहून जास्त माणसे यवतमाळला जातात.

साध्या माणसाचे पत्र विमानात चढले ते स्वातंत्र्यानंतर, आणि ते घडले आपल्याच विदर्भात. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत. देशाचा मध्य म्हणून नागपूर. तिथे धावपट्टीच्या कडेला थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातल्या कलकत्त्याच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, मद्रासच्या दिल्लीकडे, आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना आली. पत्र विमानाने लवकर पोहोचणार असेल तर ते विमानानेच जाईल, तिकीट मात्र नेहमीचेच! तेव्हाचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांचे हे मोठे काम. बाभुळगावच्या एखाद्या जवानाने कलकत्त्याहून घरी खुशाली कळवली, तर त्याचे पत्र आकाशातून नागपूरला उतरू शकत होते. त्याची आई कधी मोटारीत बसली नसेल, तरी तिच्या लेकाचे अक्षर विमानातून आलेले असे. नागपूरच्या धावपट्टीवर मध्यरात्री थैल्या खांद्यावर मारणारे हमाल आणि सॉर्टर यांच्या जोरावर हे चाले. ही सेवा १९७० च्या दशकापर्यंत टिकली.

आता पुन्हा कच्छकडे वळू. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले आणि भुजच्या विमानतळावर बॉम्ब पडले. धावपट्टी उखडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. मजूर मिळेनात, वेळ नव्हता. जवळच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बाया पुढे आल्या. विमाने घोंगावत असताना त्यांनी ७२ तासांत धावपट्टी पुन्हा उभी केली. वरून दिसू नये म्हणून हिरव्या रंगाच्या साड्या नेसायच्या, भोंगा वाजला की झुडपांत शिरायचे, तो थांबला की पुन्हा पाट्या उचलायच्या. धावपट्टी शेणाने सारवून झाकली. सारवणे हे कुणाकडून शिकावे लागले नाही! रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या आपल्या बायांना त्या ७२ तासांत काय लागले असेल ते कुणी समजावून सांगायला नको. या स्त्रियांना सरकारकडून ५०,००० रुपये बक्षीस मिळाले, ते त्यांनी गावाच्या सामाजिक कामाला देऊन टाकले. माधापरला त्यांचे स्मारक झाले ते २०१५ साली, ४४ वर्षांनी.

पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, जे. आर. डी. टाटांनी ७८ व्या वर्षी पुन्हा तसेच जुन्या बनावटीचे लेपर्ड मॉथ विमान कराचीहून जुहूला एकट्याने आणले. आणि १५ ऑक्टोबर २०२१ रोजी याच वाटेवर एक मुलगी उडाली. मुंबईची आरोही पंडित. कराचीहून निघणे शक्य नव्हते, म्हणून ती निघाली भुजहून. माधापरच्या बायांनी जी धावपट्टी हातांनी उभी केली, तिथूनच. भुज, अहमदाबाद, जुहू. विमान स्लोव्हेनियात बनलेले, हलके, एका इंजिनाचे. उंची सात हजार फुटांच्या आत. उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रणा आणि आपोआप विमान चालवणारी यंत्रणा न वापरता, म्हणजे जुन्या रीतीने. हीच आरोही २०१९ साली असल्याच हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडणारी जगातली पहिली स्त्री ठरली होती. खाली तेच रण, तेच मिठाचे वाफे, तीच खंबातची चिखलवट तिला दिसली असेल. सीमेवरचे तारेचे कुंपण आणि समुद्रकाठचे कारखाने तेवढे नवे.

आरोहीचे हे उड्डाण झाले त्याच्या आठवडाभर आधी एअर इंडिया पुन्हा टाटांना विकण्याचा निर्णय जाहीर झाला होता. २७ जानेवारी २०२२ रोजी ती त्यांच्या ताब्यात गेली. १९५३ साली सरकारने ही कंपनी राष्ट्राची केली होती. तिचे घर तिला मिळाले म्हणून वर्तमानपत्रांनी आनंद केला. आपल्या समाजाला त्यात दुसरीही बाजू दिसते. सरकारी असताना तिथे भरतीत राखीव जागा होत्या; सामान चढवणाऱ्यापासून अभियंत्यापर्यंत कित्येक घरे त्यावर उभी राहिली. खाजगी कंपनीला ते बंधन नाही. तोट्याची कंपनी किती दिवस पोसायची, हा प्रश्न खोटा नाही. पण राखीव जागा गेल्या याचा हिशेब कुणी मांडला नाही.

वैमानिकाच्या जागेवर आपली मुले-मुली दिसायची असतील तर तयारी दहावीनंतरच सुरू करावी लागते. भारतात आज वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीहून दुपटीपेक्षा जास्त. तेव्हा मुलीला हे जमेल का, ही शंका पालकांनी मनातून काढावी. व्यावसायिक परवान्यासाठी आजवरचा नियम असा: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वय किमान १८, डॉक्टरी तपासणी आणि २०० तासांचे उड्डाण. ज्यांनी बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून केली, त्यांना भौतिकशास्त्र व गणित हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नंतरही देता येतात. बऱ्याच शिक्षकांनाही हे ठाऊक नसते. खर्च लाखांच्या घरात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून शुल्क भरण्याआधी समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कचेरीत, यवतमाळला, त्या वर्षी कोणती शिष्यवृत्ती चालू आहे ते लेखी विचारून घ्यावे. आणि विमानतळावर वैमानिकाखेरीज मेकॅनिक, हवामान निरीक्षक, नियंत्रण मनोऱ्यातला अधिकारी अशी कितीतरी कामे असतात. विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचा परवाना बारावी विज्ञाननंतर घेता येतो, आणि त्याला खर्च वैमानिकापेक्षा पुष्कळ कमी येतो.